घर ते आंब्याची शेड: तांब्याऐवजी फायबर टाकताना

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजायला लागतो. "काल रात्री गडगडलं, तेव्हापासून शेडचं नेट बंद आहे. कॅमेरेपण गेले." जाऊन पाहावं तर दृश्य ठरलेलं. घरातल्या राउटरमधून निघालेली कॅट-६ची, म्हणजे तांब्याच्या नेटवर्कची वायर खिडकीतून बाहेर, तिथून कलमांच्या फांद्यांवरून थेट पॅकिंग शेडपर्यंत. मध्ये कुठेतरी एका झाडाला बांधलेला प्लास्टिकचा डबा, डब्यात एक छोटा स्विच, स्विचमध्ये मुंग्यांचं घर. आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळलेले.

रत्नागिरीच्या आसपास वायरिंग, कॅमेरे आणि नेटवर्कची कामं मी बरीच वर्षं करतोय. फायबर, म्हणजे प्रकाशातून माहिती नेणारी काचेची बारीक तार, म्हटलं की लोक स्पीड विचारतात, कारण जाहिरातीत तोच आकडा मोठा असतो. पण आपल्या आवारात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत लाइन न्यायची असेल, तर स्पीड ही फायबरची सर्वात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. तिचे खरे दोन गुण म्हणजे ती अंतराला भीत नाही आणि तिच्यातून वीज जात नाही. हा लेख त्यासाठीच आहे. घर ते शेड, बंगला ते गेटची केबिन, शाळेची जुनी इमारत ते नवी, सोसायटीची ए विंग ते डी विंग, यांपैकी काहीही समोर असलं तरी पायऱ्या याच. उदाहरणादाखल आपण घरापासून २४० मीटरवर असलेली शेड घेऊ. तिथे चार कॅमेरे, एक कॉम्प्युटर आणि वायफाय चालवायचं आहे.

पहिलं काम: टेप घ्या

अंतर डोळ्यांनी किंवा मोबाइलच्या नकाशावर मोजू नका. केबल ज्या वाटेने जाणार त्या वाटेने टेप धरा, म्हणजे भिंतीवरून खाली, गडग्याच्या कडेने, पुन्हा वर. शेवटी दोन्हीकडे दहा-दहा मीटर धरा. सरळ रेषेत १९० मीटर वाटलेलं अंतर हमखास २४० भरतं.

आता तांब्याचा नियम. कॅट-५ई असो वा कॅट-६, नेटवर्कच्या वायरची मर्यादा १०० मीटर आहे, तीही दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे उपकरणाला जोडायच्या छोट्या तयार वायरी, धरून. "आमची १३० मीटरवर चालतेय की!" असं सांगणारे भेटतात. चालते, कारण राउटर मुकाट्याने गिगाबिटवरून १०० एमबीपीएसवर उतरतो, आणि पावसाळ्यात तेही डळमळायला लागतं. कॅमेऱ्याचं चित्र मध्येच थांबतं, मग लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात.

ही मर्यादा का, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. तारेतून सिग्नल जाताना क्षीण होतो आणि तो किती क्षीण झाला हे डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीमध्ये मोजतात. ३ डीबी कमी झालं म्हणजे अर्धी शक्ती उरली. १० डीबी म्हणजे दहावा हिस्सा, २० डीबी म्हणजे शंभरावा. कॅट-५ई वायरमध्ये १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल १०० मीटरमध्ये सुमारे २२ डीबीने घटतो. दीडशेत एक भाग उरला म्हणा. आणि फायबर? १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी लॉस, म्हणजे घट, १५५० नॅनोमीटरला ०.२ डीबी. म्हणजे तांब्यात शंभर मीटरवर जेवढा सिग्नल गळतो, तेवढा गळायला १५५०च्या प्रकाशाला पुण्याहून निघून साताऱ्यापर्यंत, ११० किलोमीटर जावं लागेल. तुमची शेड तर परसातच आहे.

काच पहिल्यापासून इतकी गुणी नव्हती. १९६६ साली शास्त्रज्ञ चार्ल्स काव यांनी मांडलं की दोष प्रकाशात नाही, काचेतल्या अशुद्धीत आहे. किलोमीटरमागे २० डीबीपर्यंत लॉस खाली आणला तरी काचेतून टेलिफोन चालवता येईल. १९७०मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने लॉस त्याहूनही खाली आणला, आणि काव यांना २००९चं नोबेल मिळालं. आपल्याकडे एक्स्चेंज ते एक्स्चेंज अशी पहिली ऑप्टिकल फायबर लाइन १९७९ साली सुरू झाली ती पुण्यात. आज या काचेच्या तारा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला ओढल्या जातात. हे सगळं तुम्हाला शेडपर्यंत केबल न्यायला लागणार नाही, पण मला सांगायला आवडतं.

तर निर्णय असा. दोन्ही टोकं एकाच इमारतीत आणि अंतर ९० मीटरच्या आत असेल तर तांबं टाका, फायबरचा खर्च करू नका. अंतर जास्त असेल तर फायबर. आणि अंतर कमी, पण इमारती दोन असतील तर? तरीही फायबरच. का ते पुढे.

दोन इमारती, दोन अर्थिंग

हा भाग नवीन वायरमनसुद्धा सोडून देतात, म्हणून इथे जरा थांबतो.

वीज थेट घरावर पडली तरच नुकसान होतं असा समज आहे. प्रत्यक्षात ती शंभर-दीडशे मीटरवरच्या माडावर पडली तरी पुरते. जमिनीत घुसताना ती त्या जागेच्या जमिनीचा विद्युतदाब क्षणभर प्रचंड वाढवते. शेडची अर्थिंग माडाजवळ, घराची लांब, म्हणजे त्या क्षणी शेडच्या जमिनीत आणि घराच्या जमिनीत हजारो व्होल्टचा फरक. हा फरक मिटवायला विजेला वाट हवी असते आणि आपण तांब्याच्या आठ बारीक तारांची सरळ वाट करून दिलेली असते. ती तिथून धावते आणि वाटेत जे पोर्ट येतील ते फोडते. शिवाय लांब तार म्हणजे अँटेनाच. वीज कुठेही जोडलेल्या गोष्टीवर न पडतासुद्धा तारेत झटका उमटतो.

आपल्या भागात हे आणखी वाईट आहे. जांभ्याच्या कातळात चांगली अर्थिंग मिळतच नाही. खड्डा खणला की दोन फुटांवर पहार टणकन वाजते. अर्थिंग कच्ची असली की हा दाबाचा फरक आणखी वाढतो.

फायबर म्हणजे काच, आणि काच विजेला वाट देत नाही. घर आणि शेड विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तुटलेली राहतात. जातो तो फक्त प्रकाश. याच गुणामुळे वीज कंपन्या मोठ्या टॉवरच्या सर्वात वरच्या अर्थ वायरच्या पोटात फायबर घालून नेतात. खाली लाखो व्होल्टच्या तारा, वर माहिती वाहणारी काच, आणि एकमेकांना काही त्रास नाही. तुमच्या पंपाची मोटर सुरू झाली, वेल्डिंग मशीन लावलं, तरी फायबरच्या सिग्नलवर ओरखडा उठत नाही. मोटरची केबल जाते त्याच चरातून फायबर नेता येते. तांब्याची नेटवर्क वायर तशी नेऊ नये.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. बाजारात मिळणाऱ्या काळ्या ड्रॉप केबलला, म्हणजे घरापर्यंत आणायच्या बारीक फायबर केबलला, बहुतेकदा बाजूने एक जाड स्टीलची तार असते, टांगण्यासाठी. ती तार वीज नेते! मी स्वतः सुरुवातीला एका ठिकाणी ती तार कापलीच नाही, थेट आत डब्यापर्यंत नेऊन अर्थच्या स्क्रूला गुंडाळली. फार मजबूत काम केलं असं वाटलं होतं. जूनमध्ये त्या डब्याशेजारचा मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाश आणि तांब्याची वायर यांची गाठ घालणारं यंत्र, काळा झाला. तेव्हापासून स्टीलची तार दोन्ही इमारतींच्या बाहेरच, हुकाशी संपवतो आणि आत फक्त प्लास्टिक आणि काच नेतो. आतल्या आधाराच्या दोन बारीक काड्याही स्टीलच्या नकोत, एफआरपीच्या म्हणजे काचतंतूंच्या प्लास्टिकच्या घ्या.

दुसरी गोष्ट: फायबर टाकली म्हणजे शेड विजेपासून सुरक्षित झाली असं नाही. वीज मंडळाच्या लाइनमधून येणारा झटका तसाच येणार. त्यासाठी मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर लागतो आणि तो घरातही हवा. फायबरने झटक्याच्या वाटांपैकी एक बंद होते, ती बहुधा सर्वात मोठी असते, एवढंच.

काय काय आणायचं

दुकानात गेल्यावर ही यादी दाखवा, आणि दुकानदार "हेपण चालेल" म्हणाला तर जरा थांबा.

केबल: सिंगल मोड (एकाच बारीक वाटेने प्रकाश नेणारी), बाहेर टाकायची, जी.६५७ प्रकारची. जी.६५२ हा जुना प्रकार, लांब पल्ल्याला उत्तम, पण त्याला लहान वळण सोसत नाही. एका कोअरमध्ये, म्हणजे केबलमधल्या एका काचेच्या तारेत, काम होतं, तरी दोन किंवा चार कोअरची घ्या. मीटरमागे फरक थोडा असतो आणि उद्या एक कोअर दुखावला तर दुसरा तयार असतो. चांगल्या शुद्ध तांब्याच्या कॅट-६पेक्षा ड्रॉप केबल मीटरमागे स्वस्त पडते, हे ऐकून लोकांना अजून नवल वाटतं. महाग असतं ते दोन टोकांचं सामान आणि जोडणी.

मीडिया कन्व्हर्टर, एक जोडी: हा छोटा डबा एका बाजूने नेटवर्कची नेहमीची वायर घेतो आणि दुसऱ्या बाजूने प्रकाश सोडतो. एका कोअरवर चालणारे घेतले तर त्यांची नर-मादी जोडी असते. एकावर ए लिहिलेलं, तो १३१०वर पाठवतो आणि १५५०वर ऐकतो. दुसऱ्यावर बी, तो उलट. दोन ए आणले तर दोघंही बोलत राहतील, ऐकणार कुणी नाही. दोन्ही एकाच स्पीडचे हवेत, एक १०० एमबीपीएसचा आणि एक गिगाबिटचा अशी जोडी लागत नाही. चार कॅमेऱ्यांना १०० पुरतात, पण गिगाबिट घ्या, किमतीत फार अंतर उरलेलं नाही.

आणि "८० किलोमीटरवाला देतो, जास्त पॉवरफुल आहे" याला भुलू नका. लांब पल्ल्याचा लेझर २४० मीटरवरून थेट समोरच्याच्या डोळ्यात टॉर्च मारल्यासारखा पडतो. समोरचा दिपतो आणि लिंक येत नाही किंवा सारखी तुटते. १० किंवा २० किलोमीटरचा बस झाला.

दोन टर्मिनेशन बॉक्स (केबलचं टोक आणि जोड ठेवायचे डबे), कपलर (दोन कनेक्टर समोरासमोर जोडणारा), पिगटेल (एकाच टोकाला कनेक्टर असलेली छोटी फायबर) आणि फायबरच्या पॅच कॉर्ड. इथे रंग पाहा. निळ्या टोपीचा कनेक्टर यूपीसी, त्याचं तोंड सपाट. हिरवा एपीसी, त्याचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं. इंटरनेट कंपनीची घरात येणारी लाइन बहुधा हिरव्या टोपीची असते, आणि साधे मीडिया कन्व्हर्टर निळे मागतात. हिरवा निळ्यात घुसतो, कटकन बसतोसुद्धा, पण आत सपाट आणि तिरकं तोंड एकमेकांना नीट टेकत नाही आणि प्रकाश वाया जातो. नवख्यांच्या चुकांत ही पहिल्या क्रमांकावर.

शेडमधल्या आतल्या कामाला तांब्याची वायर लागणारच. ती घेताना ब्लेडने तार खरवडून पाहा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. परत करा.

केबल टाकणं

पुरायची की टांगायची? माती असेल तर पुरा. दीड-दोन फूट खोल चर, त्यात एचडीपीई पाइप, पाइपात केबल. नुसती केबल मातीत टाकली तर उंदीर आणि घुशी सोडत नाहीत. काच त्यांना गोड लागते की काय कोण जाणे! पाइप टाकताना त्यात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढे दुसरी केबल ओढायला लागते. चर बुजवताना केबलच्या वर अर्ध्या फुटावर एखादी रंगीत प्लास्टिकची पट्टी अंथरा. पुढच्या वर्षी आळं करायला आलेल्या गड्याची कुदळ आधी पट्टीला लागेल.

कातळ असेल तर चर विसरा आणि टांगा. मात्र झाडावर टांगू नका. वाऱ्यात फांदी हलते आणि केबलचा प्लास्टिकचा कोट घासून जातो. पाइपाचे किंवा सिमेंटचे खांब, चाळीस-पन्नास मीटरवर एक, आणि प्रत्येक खांबावर स्टीलच्या तारेला क्लॅम्प. ताण तारेवर यायला हवा, केबलवर नाही. ओढताना दोन माणसांनी झोंबाझोंबी करायची नाही, हाताला सहज येईल तेवढंच ओढायचं. गुंडाळी उलगडताना ती फिरवून सोडा. कडेने वेटोळी उचलत गेलात तर केबलला पीळ बसतो.

वळणाचा नियम माझ्याकडे एकच आहे आणि तो घरातली बाईमाणसं लगेच समजतात: बांगडीपेक्षा लहान वळण नको. जुन्या जी.६५२ काचेला तीन सेंटिमीटर त्रिज्या लागते, म्हणजे बरोबर बांगडीएवढं वळण. जी.६५७ त्याहून लहान वळण सोसते, पण बांगडी लक्षात ठेवली की चूक होत नाही. खिडकीच्या चौकटीत चेपलेली, दारात सापडलेली, खिळ्याला आवळून बांधलेली केबल वरून शाबूत दिसते, आतून मात्र प्रकाश गळत असतो.

केसाएवढी तार असं म्हणतात, ते अर्धंच खरं. काचेची जाडी १२५ मायक्रॉन असते, माणसाच्या केसाहून जरा जास्तच. पण प्रकाश चालतो तो तिच्या मधल्या ९ मायक्रॉनमधून. वळण तीव्र झालं की त्या बारीक वाटेतून तो भिंत ओलांडून बाहेर पडतो, वेगात वळणावर गाडी रस्त्याखाली जावी तसा. १५५०चा प्रकाश वळणावर जास्त गळतो. म्हणून कधी कधी एका दिशेने सगळं ठीक आणि उलट दिशेने लिंक नाही असं विचित्र चित्र दिसतं.

दोन्ही टोकांना पाच-सात मीटर केबल जादा ठेवा, मोठं वेटोळं करून भिंतीला लावा. जोड बिघडला की तेवढी कापून नवा करता येतो. हे न केल्याने सगळी केबल बदलायला लागलेली मी पाहिली आहे.

जोड

तांब्यात आपण दोन तारा सोलतो, पिळतो, टेप मारतो. फायबरमध्ये जोड हेच खरं काम आहे, आणि इथे फायबर तांब्यापेक्षा नक्कीच अवघड आहे, हे मान्य करू.

सर्वात चांगला मार्ग फ्यूजन स्प्लाइसिंग. काचेवरचा कोट काढायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने अगदी काटकोनात तोडायची, मग मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवली की मशीन स्वतः त्यांना नेम धरून विजेच्या ठिणगीने वितळवून एक करतं. चांगल्या जोडाचा लॉस ०.१ डीबीपेक्षा कमी. मशीन महाग आहे, विकत घेऊ नका. गावातल्या केबलवाल्याकडे किंवा इंटरनेटवाल्याकडे काम करणारा मुलगा जोडामागे पैसे घेऊन करून देतो. दोन टोकांना दोन जोड, प्रत्येकाला एक पिगटेल. तो काम करताना शेजारी उभे राहा. जोड करण्याआधी त्याने काचेवर ती लहान पारदर्शक नळी, म्हणजे स्लीव्ह, ओवली का, तेवढं बघा. घाईत ती राहते, मग जोड पुन्हा तोडायला लागतो.

दुसरा मार्ग, तयार कनेक्टर लावलेली केबल मागवायची. २५० मीटरची, दोन्ही टोकांना एससी प्रकारचे चौकोनी कनेक्टर. जोडच नाही. फक्त पाइपातून ओढताना कनेक्टरला पिशवी आणि टेप गुंडाळा आणि ओढ कनेक्टरवर येऊ देऊ नका. नवख्या माणसाला एकट्याने करायचं असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

तिसरा, हाताने दाबून बसवायचा फास्ट कनेक्टर. तातडीला ठीक. पण कोकणातल्या दमट हवेत हे जोड वर्ष-दोन वर्षांत कुरकुरायला लागलेले मी पाहतो, म्हणून कायमच्या कामात वापरत नाही.

दोन गोष्टी सुरक्षिततेसाठी. तोडलेले काचेचे तुकडे दिसत नाहीत, बोटात घुसतात आणि काढता येत नाहीत. रिकाम्या बाटलीत टाका, झाकण लावा, आणि ज्या टेबलावर काम केलं तिथे चहा-पोहे ठेवू नका. दुसरं, चालू लाइनच्या तोंडात कधीही डोकावू नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणजे तो नाही असं नाही.

प्रकाश मोजा, मगच "झालं" म्हणा

लिंकची हिरवी लाइट लागली की बरेच जण पैसे घेऊन निघून जातात. तुम्ही पॉवर मीटर मागा. ज्याच्याकडे स्प्लाइसिंग मशीन आहे त्याच्याकडे मीटर असतोच.

प्रकाशाची शक्ती डीबीएममध्ये दिसते. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट, आणि आपले आकडे त्याहून कमी, म्हणून उणे चिन्हासहित. आधी घरातल्या कन्व्हर्टरचा आकडा थेट पॅच कॉर्डवर घ्या, समजा उणे ६ आला. मग शेडच्या टोकाला घ्या. मीटरवर १३१० की १५५० ते योग्य निवडा, नाहीतर आकडा चुकतो. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या लाइनचा लॉस. तो किती असायला हवा? २४० मीटर काचेचा ०.०८, दोन जोडांचे ०.२, कनेक्टरच्या दोन जोडण्यांचे साधारण ०.६. सगळं मिळून एक डीबीच्या आत. दोनपर्यंत चालवून घ्या. पाच-सहा दिसलं तर लिंक चालू असली तरी काम अपुरं आहे, कुठेतरी वळण दाबलंय किंवा तोंड घाण आहे. दहांतल्या सात वेळा तोंडच घाण असतं. कनेक्टर काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला, असं करणाऱ्याला मी चहा देत नाही. लिंट-फ्री कागद आणि अल्कोहोल, किंवा क्लिक करायचा क्लीनर.

मिळालेला आकडा आणि तारीख टर्मिनेशन बॉक्सच्या झाकणावर आतून मार्करने लिहा. दोन वर्षांनी कुणी "केबल खराब झालीय, बदला" म्हणालं की तोच आकडा पुन्हा घेऊन त्याला दाखवता येतो.

घरात इंटरनेट कंपनीची फायबर असेल तर तिथेही हीच विद्या चालते. तिथे एका लाइनवरचा प्रकाश स्प्लिटरने बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेला असतो. बत्तीस वाट्यांत सुमारे १७ डीबी जातात, म्हणून तुमच्या मोडेमवर उणे १८ ते उणे २४ असा आकडा ठीक समजायचा. उणे २७च्या खाली गेला की लाल लाइट लुकलुकते. तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणण्याऐवजी "पॉवर उणे अठ्ठावीस येतेय" म्हणा, माणूस लवकर येतो.

तांबं कुठे ठेवायचं

शेडच्या आत कॅमेऱ्यांना तांब्याचीच वायर द्या. कारण काच वीज नेत नाही हा गुण इथे अवगुण होतो. कॅमेऱ्याला सिग्नल आणि वीज दोन्ही एकाच कॅट-६मधून देता येतात, पीओई स्विच लावला की झालं. फायबरने हे होत नाही. शेडमध्ये कन्व्हर्टरनंतर पीओई स्विच, त्यातून चार कॅमेरे आणि वायफाय.

याच कारणाने जुना तांब्याचा लँडलाइन फोन वीज गेली तरी वाजायचा. एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट तारेवरूनच यायचे. फायबरवरचा फोन तुमच्या घरची वीज गेली की मुका. तेव्हा दोन्ही टोकांच्या कन्व्हर्टरला, राउटरला आणि पीओई स्विचला बॅकअप हवा. घरी इन्व्हर्टर असेल तर प्रश्न नाही. शेडमध्ये मिनी यूपीएस लावताना ॲडॉप्टरचे व्होल्ट पाहा. कन्व्हर्टर बहुधा ५ व्होल्टचा असतो आणि राउटर १२चा. १२चा पिन ५च्या डब्यात घातला की वीज पडायची गरज उरत नाही.

तांब्याची वायर चोरीला जाते, भंगारात तिला भाव आहे. फायबरला काही भाव नाही. केबलवर जागोजागी ओएफसी, म्हणजे ऑप्टिकल फायबर केबल, छापलेलं असतं, पण चोराने कोयता मारायच्या आधी ते वाचलं पाहिजे ना!

लाइन बंद पडली तर

आधी दोन्ही टोकांची वीज पाहा. हसू नका, निम्मे फोन इथेच संपतात. मग कन्व्हर्टरवरची फायबरची लाइट. ती दोन्हीकडे बंद असेल तर पॅच कॉर्ड काढून तोंड पुसा, पुन्हा लावा. तरी नाही, तर लाल प्रकाशाचं पेन घ्या. ते फार महाग नसतं आणि एक घरी असावंच. कन्व्हर्टर सोडवून एका टोकाने लाल प्रकाश सोडा आणि दुसऱ्या टोकाची टोपी काढून समोर पांढरा कागद धरा. कागदावर लाल ठिपका आला तर काच शाबूत आहे, दोष डब्यात. नाही आला तर टर्मिनेशन बॉक्स उघडून पाहा; तिथे काच मोडली असेल तर त्याच जागी लाल चमकतं. काळ्या कोटाखालचं तुटणं मात्र पेनाने दिसत नाही. मग वाटेने चालत जा आणि नुकतीच कुदळ, गवत कापायचं मशीन किंवा जाळलेला पाला कुठे दिसतो ते शोधा. सापडलं नाही तर ओटीडीआर असलेल्याला बोलवा. ते मशीन एका टोकाला बसून काही मीटरच्या फरकाने तुटलेली जागा सांगतं.

तो येईपर्यंत दुसरा कोअर लावून पाहा. चार कोअरची केबल घेतली असेल आणि सुरुवातीलाच दोन कोअरना पिगटेल जोडून ठेवली असेल, तर निळ्याऐवजी नारिंगी कोअरवर पॅच कॉर्ड हलवायला दोन मिनिटं लागतात.